चोवीस अंडी आणि गुरुवारची लाईट

१ फेब्रुवारी, शनिवार
मशीन तयार. थर्माकोलचा खोका, चाळीसचा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, ऑनलाइन मागवलेला थर्मोस्टॅट. अंडी उबवायचं मशीन बाजारात तयार मिळतं, पण माझा विश्वास नाही. चौतीस वर्षं कारखान्यात क्वालिटी बघितली. लोक काय बनवतात ते मला माहीत आहे.

इंद्रायणी दिवाळीनंतर लोणावळ्याला बहिणीकडे गेली आहे. हवापालट. जाताना म्हणाली, मला जरा माझं माझं राहू द्या. तीन महिने झाले. हवेचा गुण यायला वेळ लागतो.

तिच्या माहेरी कोंबड्या होत्या. लहानपणी फ्रॉकची झोळी करून पिल्लं घेऊन बसायची, हे तिने मला शंभरदा सांगितलंय. मी लक्षपूर्वक ऐकायचो. लग्नानंतर तिने एकदा मांजर आणलं तेव्हा मी विरोधात सतरा मुद्दे लिहून काढले होते. आता तिला कळेल की माणूस बदलतो.

फोन करून कळवलं: रविवार २३ तारखेला पिल्लं निघणार. म्हणाली, बरं, निघाली तर फोटो पाठवा. म्हणजे येणार.

२ फेब्रुवारी, रविवार
स्कूटरने कार्ल्याला. तिथे हायवेला वरच्या वाडीतली चिमाबाई गावरान अंडी विकायला बसते. चोवीस घेतली. एवढी कशाला, तिने विचारलं. सांगितलं. म्हणाली, भाऊ, माजी एक कोंबडी खुडुक झालीया, ती न्या की. ती बसल अंड्यांवर, तुमाला काय बी करायला नगं.

मी समजावलं की मावशी, कोंबडीला टेंपरेचर कळत नाही. म्हणाली, व्हय, तिला न्हाई कळत, ती नुस्ती बसती. मग म्हणाली, मी बी आजच बशिवते बारा, बघू कुनाची निगत्यात. स्पर्धा स्वीकारली. बिचारी.

घरी येऊन सगळी अंडी कोमट पाण्यात साबण घालून स्वच्छ धुतली. शेण लागलेला माल माझ्या मशीनमध्ये जाणार नाही. पेन्सिलने नंबर घातले, १ ते २४. दुपारी ४.१० ला आत. साडेसदतीस डिग्री, अगदी काट्यावर.

निर्णय: दिवसातून पाचदा अंडी फिरवणे. एरवी झाकण उघडायचं नाही.

३ फेब्रुवारी
झाकण एकोणीस वेळा उघडलं. पण ते तपासणीसाठी. तपासणी यात धरत नाहीत.

पंख्याचा आवाज बरा वाटतो. घरात कुणीतरी आहे असं वाटतं. मशीन हॉलमधून बेडरूममध्ये हलवलं, इंद्रायणीच्या बाजूला. त्या बाजूला प्लग आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आज गुरुवार, हेच ध्यानात आलं नाही! एकवीस दिवसांचा तक्ता केला, पण त्यात गुरुवार धरलाच नाही. इथे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे तळेगावातलं शेंबडं पोरही सांगेल. सोसायटीच्या ग्रुपवर वेळ टाकतात. पार्किंगवरून सेक्रेटरी यशोधनशी वाजलं तेव्हापासून मी ग्रुपमध्ये नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

दहा ते बारा लाईट नव्हती. खोक्यावर रजई टाकली. काही बिघडलेलं नाही.

यशोधन जिन्यात भेटला. काकू कधी येणार, म्हणाला. २३ तारखेला, म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार
सातवा दिवस. अंधार करून एकेका अंड्यामागे टॉर्च धरला. बारा अंड्यांत बारीक लाल शिरा दिसल्या आणि मधे एक ठिपका, हलणारा. मी चक्क ओरडलो. मग सांगायला कुणी नव्हतं म्हणून पुन्हा एकदा बघितलं.

अकरा अंड्यांत काहीच दिसत नाही. ती उशिरा सुरू होणारी असावीत. एक (नं. ११) हातातून पडलं. एकूण समाधानकारक.

कार्ल्याला जाऊन चिमाबाईला विचारलं, अगदी सहज. धुतलीत, म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावला. अवं भाऊ, धुतल्यालं अंडं खायाचं आस्तंय, बशिवायचं न्हाई. तिच्यासोबत वाडीवर जाऊन कोंबडीखालची अंडी पाहिली. शेणासकट होती. बघू या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
यशोधनला स्वतः होऊन विचारलं. हा माझा मोठेपणा. आज एक ते पाच, म्हणाला. चार तास! रजईने भागणार नाही.

विचार केला. माणसाचं अंग सदतीस डिग्री असतं. आरामखुर्चीत आडवा झालो, पोटावर तेवीस अंडी, वर इंद्रायणीची लोकरीची शाल, त्यावर रजई. हालायचं नाही, खोकायचं नाही. उपाय इतका साधा की हसू आलं, पण हसताही येईना.

अडीचला दारावर थाप. लाईट नाही म्हणजे बेल नाही. उठणं अशक्य. ओरडलो, नंतर या! परत थाप, जरा हळू. ओरडलो, एकदा सांगितलेलं कळत नाही का, आत्ता जमणार नाही! गेलं कुणीतरी. पाण्याचे फिल्टर विकणारे असणार. पिच्छा सोडत नाहीत.

संध्याकाळी ७
इंद्रायणीचा फोन. दारावर तीच होती. तळेगावला बँकेत काम होतं, म्हणून घरी डोकावली. घराची किल्ली ती जाताना इथेच विसरून गेली आहे, टेबलावर, पाकिटात घालून. हाक का मारली नाहीस, म्हटलं. म्हणाली, तुम्ही दोनदा नको म्हणालात. मी म्हटलं, पोटावर अंडी होती.

ती म्हणाली, जेवलात का?

चांगलं लक्षण आहे. काही काम होतं का, विचारलं. होतं, आता राहू दे, म्हणाली. घाईचं नसणार.

१६ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा टॉर्च. अकरा कोरी अंडी काढून टाकली. उशिरा सुरू होण्यालाही मर्यादा असते. उरलेल्या बारातली चार थांबली आहेत. आठ जिवंत. गुरुवारमुळे असेल. किंवा झाकणामुळे. झाकणामुळे नसावं.

कार्ल्याला चक्कर. चिमाबाईला पोटावरच्या अंड्यांचं सांगितलं. हसून हसून टोपलीवर रेलली. म्हणाली, भाऊ, खुडुक तर तुमीच झालाय! मग दाराचं सांगितलं. हसायची थांबली. बायकू दारातनं माघारी गेली व्हय? अवं, खुडुक कोंबडी बी उठती दिसातनं एकदा, दाना खायाला. अंडी न्हाई मरत तेवढ्यानं.

हे मला शास्त्राप्रमाणे माहीत आहे. वीस मिनिटांनी फरक पडत नाही. येताना कान्हे फाट्यापर्यंत तोच विचार डोक्यात होता. माझा त्या दिवशीचा निर्णय बरोबरच होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार
अठरावा दिवस. आता अंडी फिरवायची नाहीत, झाकण उघडायचं नाही, पिल्लू आपलं आपण बाहेर येतं. सगळीकडे हेच लिहिलंय: मदत करू नका. झाकणाला सेलोटेप लावला. लाईट आज अर्धाच तास गेली. सगळं माझ्या बाजूने चाललंय.

इंद्रायणीचा फोन. रविवारी अकरापर्यंत येते, म्हणाली. मोठी बॅग आणते.

मोठी बॅग!

तिच्या कपाटात माझे स्वेटर घुसले होते, ते काढले. तिच्या साड्या आणि शाली नीट घड्या करून एका कप्प्यात लावल्या. उशीला नवा अभ्रा. यशोधनला सांगितलं, ग्रुपमध्ये परत घ्या, आता आम्ही दोघं असणार. घेतलं त्याने.

२२ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी ८: नं. ७ ला आतून टोच पडली आहे. बारीक चीर. आतून आवाज येतोय. आवाज! मी खोक्याला कान लावून बसलो आहे.

निर्णय: चोवीस तास हात लावायचा नाही.

११: चीर तेवढीच. पिल्लू दमलेलं वाटतं. बाकीच्या अंड्यांत हालचाल नाही, फक्त नं. १९ किंचित हललं, किंवा मला वाटलं.

११.२०: उद्या ती येणार आणि दाखवायला काही नसलं तर? थोडी मदत म्हणजे ढवळाढवळ नव्हे. सेलोटेप काढला. इंद्रायणीचा भुवयांचा चिमटा घेतला.

दुपारी १
कवच सोलत होतो तर रक्त आलं. ते आत अजून जोडलेलं होतं. त्याचं त्याला वेळेवर यायचं होतं. मी थांबलो, पण उशीर झाला होता.

दुपारी ३
नं. ७ गेलं. माझ्या तळव्यावर. चांगलं सुरू होतं त्याचं.

झाकण लावलं. पुन्हा सेलोटेप. आज काही खाल्लं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
साडेदहापासून गेटवर उभा होतो. इंद्रायणी आली. बारीक झाली आहे, पण चेहरा ताजा. बॅग मीच वर आणली. एवढी मोठी बॅग आणि अगदी हलकी. म्हटलं, कमी सामानात भागवणारी बाई.

चहा घेतेस का म्हटलं, तर म्हणाली, आधी आवरून घेते. कपाट उघडलं. बरं झालं, म्हणाली, तुम्ही घड्या करूनच ठेवल्यात. आणि बॅग भरायला लागली.

मी बघत उभा राहिलो. मग शाली काढून द्यायला लागलो. तेरा तारखेची शाल आली तेव्हा विचारलं, त्या दिवशी काय काम होतं? म्हणाली, काही नाही हो. चहा प्यायला आले होते. तुमच्यासमोर बसून बघावं म्हटलं, काय वाटतं ते.

मी म्हटलं, आज बस ना. ती म्हणाली, आज नाही वाटत तसं. चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर मला मुद्दे काढता आले असते.

तेवढ्यात तिलाच आवाज आला. दोन तास आमच्यापैकी कुणी खोक्याकडे बघितलं नव्हतं, आणि नं. १९ बाहेर येऊन पडलं होतं. ओलं, वाकडंतिकडं, ओरडणारं. कुणाची मदत नाही, काही नाही. ती गुडघ्यांवर बसून बघत राहिली. मीही बसलो. म्हटलं, तुझ्या माहेरच्या कोंबड्यांसारखं.

म्हणाली, ससे होते हो. आमच्याकडे ससे होते.

तिला जेवायचं नव्हतं. बॅग मी खाली नेली. आता जड होती. लिफ्ट चालू होती, तरी जिन्यानेच गेलो. जिन्याने वेळ लागतो.

२४ फेब्रुवारी
बाकीची सहा अंडी निघाली नाहीत. निकाल: चोवीसात एक.

ते एक पिल्लू दिवसभर ओरडतंय. दाणा आहे, पाणी आहे, टेंपरेचर बरोबर आहे. खोक्यात हात ठेवला की गप्प होतं, हात काढला की सुरू. सकाळपासून हात खोक्यात. डाव्या हाताने लिहितोय.

नाव ठेवणार नाही. ठेवलं.

२५ फेब्रुवारी
बुटाच्या खोक्यात घालून वाडीवर नेलं. चिमाबाईच्या कोंबडीची बारात अकरा निघाली. मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, एकटं न्हाई जगायचं भाऊ हे, त्याला सोबत लागती, द्या हिकडं. अंधार पडायला लागला तसं तिने ते हळूच कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. कोंबडीने मोजलं नाही. दोन मिनिटांत ओरडणं बंद. माझ्या हाताखाली इतकं गप्प कधी झालं नव्हतं.

मधून मधून बघायला येईन, म्हटलं. या की, म्हणाली, पर वळखाल कसं? मी सगळ्या अंड्यांना नंबर घातले होते, पिल्लाला नाही. पोटाखालून बारा डोकी दिसत होती. तीनदा बघितली. ओळखू आलं नाही.

निघताना तिने केळीच्या पानात भाकरी बांधून दिली. खुडुक उठली आता, खावा काय तरी, म्हणाली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
मशीन रिकामंच चालू आहे. परवा बंद केलं होतं, पण पंख्याचा आवाज गेला आणि घर नको वाटायला लागलं, म्हणून परत लावलं. आत काही नाही. खरं लिहायचं तर मला करमत नाही. लोणावळ्याच्या हवेचा यात काही संबंध नाही, हे मला दिवाळीपासून माहीत आहे.

आज ग्रुपवर वेळ आली होती, एक ते पाच. एकला लाईट गेली. बेल बंद, पंखा बंद. थाप ऐकू आली नाही असं व्हायला नको, म्हणून दार सताड उघडलं आणि दारातच खुर्ची टाकून बसलो. दोन कप चहा टाकला होता, झाकून ठेवला.

यशोधन वर जाताना थांबला. काका, कुणाची वाट बघताय? म्हटलं, नाही, वारा चांगला आहे.

पाचला लाईट आली. दार लावलं. चहा गार झाला होता, दोन्ही कप मीच प्यायलो.