तिलवाऱ्याच्या वाळूतलं पाणी

३ नोव्हें.
पीएच.डी.ला सहावं वर्ष लागलं. सर (माझे गाइड) सकाळीच म्हणाले, शेवटचा अध्याय आटप, मी डिसेंबरात रिटायर होऊन राहिलो. घाई त्यांची, जीव माझा. कमिटीनं एकच काम वाढवलं: काचेत पाणी किती विरघळलंय ते मोजा. 'फॉर्मॅलिटी आहे,' सर.
सरांचं नाव ज्यावर झालं तो शोध असा की तिलवाऱ्याच्या घाटावरच्या वाळूची काच बाटलीतल्या शुद्ध सिलिकाच्या भुकटीच्या काचेपेक्षा कमी तापमानाला वाहायला लागते. पेपरात फोटो आला होता. माझा थीसिस म्हणजे त्या फोटोचं शेपूट.

६ नोव्हें.
मोजलं. वाळूच्या काचेत पाणी भरपूर. भुकटीच्या काचेत नावाला. यंत्राला दोष दिला, परत मोजलं. तेच.
पाणी सिलिकाची साखळी तोडतं, व्हिस्कॉसिटी धाडकन उतरते, म्हणजे काच लवकर वाहायला लागते, आणि त्याला जरासं पाणी पुरतं. हे मी दरवर्षी एम.एस्सी.च्या पोरांना फळ्यावर शिकवते. लॅबमध्ये मात्र पाच वर्षं दिसलं नाही. शाबास बाई.

७ नोव्हें.
पाणी आलं कुठून? भट्टीवाले रामदीन भैया सहज बोलले. वाळूची काच मुशीला चिकटते, म्हणून ती पाण्यात ओतायची, फोडायची, पंख्याखाली वाळवायची आणि पुन्हा थोडा वेळ वितळवायची. भुकटीची सरळ लोखंडी पाटावर. "सर ने ही सिखाया था, दीदी. शुरू से यही चल रहा है."
मीही तेच करत आले. पंख्यानं काय सुकणार, उरलेलं पाणी काचेतच जात होतं, आणि पंख्याचं बटण मीच दाबत होते. एकदाही विचारलं नाही की दोन्ही काचा सारख्याच रीतीनं काहून करत नाही. लाज वाटते.

१५ नोव्हें.
उलटं करून पाहिलं. वाळूची काच पाटावर ओतली, नंतर कोरड्या हवेत पुष्कळ वेळ वितळत ठेवली. भुकटीची काच पाण्यात ओतून, फोडून, पंख्याखाली, मग थोडाच वेळ परत वितळवली. मग दोन्ही तापवून सळई दाबली. आता भुकटीवालीच आधी मऊ. वाळूवाली ढिम्म.
म्हणजे वाळूत काही नव्हतं. पाण्याचंच होतं सगळं. आनंद व्हायला पाहिजे होता, पहिल्यांदाच काहीतरी खरं सापडलं. रडू आलं.

१७ नोव्हें.
सरांना ह्या उलट्या प्रयोगाचा आलेख दाखवला. मग म्हणाले, "हा काढून टाक."
मी म्हटलं, काहून? चूक आपली आहे, आपणच छापू.
"मला माहीत आहे गं. तुझ्या आधीच्या मुलीनंही हेच आणलं होतं."
"मग?"
"तिनं सोडलं."
चहा घेतेस का, विचारलं. अच्छा. म्हणजे मी आले त्या दिवशी त्यांना माहीत होतं. माहीत असून पाच वर्षं मला वाळू धुवायला लावली. मी चहा घेतला, वर थँक यू सरसुद्धा म्हटलं. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

१८ नोव्हें.
पुढच्या मंगळवारी थीसिस जमा. पहिल्या पानावर सही: हे काम माझं असून खरं आहे. ह्यांना सांगितलं. हे बँकेतून येऊन मोजे काढून राहिले होते. म्हणाले, चलो, काचच तर आहे, कुणाचा जीव जाऊन राहिला? डिग्री घे, पक्की नोकरी घे, मग काय खरं बोलायचं ते बोल.
भांडले. पण खरं सांगायचं तर तेच माझ्याही मनात होतं, म्हणून जास्त भांडले. आठ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर आहे. दर जुलैत अर्ज, दर जुलैत हात जोडणं. पुरे झालं.

२२ नोव्हें.
ती आधीची मुलगी सापडली. मुलगी कसली, माझ्याहून मोठी. रामदीन भैयांनी पत्ता दिला. नेपियर टाउनमध्ये कोचिंगला केमिस्ट्री शिकवते. डिग्री नाही. दोन बॅचच्या मधल्या वेळात जिन्यात उभ्यानंच बोललो. ताई म्हटलं तिला.
मी विचारलं, तुम्ही तेव्हा बोलल्या काहून नाही? म्हणाली, बोलले होते. सरांशी, हेडशी, सगळ्यांशी. एकटीचा आलेख, एकटीची चूक, असं ठरवून मोकळे झाले. तिनं कपाटातून फाइल आणून दाखवली. माझाच आलेख, हात दुसऱ्याचा.
निघताना म्हणाली, "सही केलीस तर मला कळवू नको. नाही केलीस तर ही फाइल घेऊन जा. आपण दोघी होऊ."

२४ नोव्हें., सोम.
थीसिस बाइंडिंगहून आला. माझा आलेख त्यात नाही. तो काढून थीसिस मीच दिला होता बाइंडरला, कुणी हात धरला नव्हता. सरांचा मेसेज: उद्या अकरा वाजता, पेन निळं आण.
दुपारी ताईला फोन लावला. उचलला तिनं. सही करणार असते तर कळवायचं नव्हतं, हे तिलाही ठाऊक. मागे पोरांचा कल्ला ऐकू येत होता. मग तिनं दार लावलं असावं.
"बोल," ती म्हणाली.