हार्बर क्लार्कचा पाढा

१४ फेब्रुवारी

वंशावळीचं पान छापायला गेलं. हार्बर क्लार्क, वय एकोणीस. बाप टाइड टेबल, आई पेपर लँटर्न. नावात कारकून, पण आयुष्यात एक कागद इकडचा तिकडे केलेला नाही. कागद सगळे मी करते. तेवीस वर्षं या स्टडचा, म्हणजे घोड्यांच्या पैदास-केंद्राचा, पत्रव्यवहार माझ्याकडे – घोड्यांच्या पूर्वजांची पानं आणि घोडीवाल्यांना गोड पत्रं.

मिसेस हॅनराहननी पानावर ठळक अक्षरांत घालायला लावलं: ‘ओल्ड ऑर्चर्ड ३ × ४.’ म्हणजे एकच पूर्वज बापाकडून तिसऱ्या पिढीत आणि आईकडून चौथ्या. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला संस्कृत शिकवताना सापिंड्य समजावलं होतं – लग्न जुळवताना बापाकडच्या सात पिढ्या टाळायच्या, आईकडच्या पाच. इथे चौथ्या पिढीच्या आत गाठ पडली की जाहिरात! अण्णा असते तर पान वाचून आंघोळीला गेले असते.

उद्यापासून हंगाम. पहिली घोडी अकराला. क्लार्कची दोरी यंदा फर्गलच्या हातात. पंधरा हंगाम ती माझ्या नवऱ्याच्या, मॅलकीच्या हातात होती.

मॅलकीला जाऊन साडेतीन महिने झाले. हे लिहिलं. काही झालं नाही. पेनातली शाई संपत आली आहे.

१५ फेब्रुवारी

क्लार्क घोडीवर चढला नाही. तिच्याकडे पाहिलंही नाही. फर्गल म्हणाला, देवळात उशिरा आलेल्या माणसासारखा छताकडे बघत उभा होता.

१६ फेब्रुवारी

नाही.

१९ फेब्रुवारी

आज तीन घोड्या आल्या. तिन्ही माजावर. बिशपने तशी खात्री करून दिली होती. बिशप म्हणजे चाचपणीचं तट्टू. घोडी राजी आहे की नाही ते त्याला आधी भेटवून बघायचं आणि ती राजी झाली की त्याला परत तबेल्यात न्यायचं. जन्मभर एवढंच. नाव मॅलकीने ठेवलं होतं. गावच्या पाद्रीबाबांना ते आवडलं नव्हतं. त्यांच्या वरच्यांना आवडलं, असं कळलं.

तिन्ही घोड्या तशाच परत गेल्या. मी तीन पत्रं लिहिली. ‘किंचित सर्दी’ हा शब्द तिन्हीत वापरला. घोड्याला सर्दी नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं – रक्त, पाय, पाठ, बी. बी उत्तम. फक्त इच्छा नाही. त्यावर औषध नाही म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. मला कशाला बघायचं?

२४ फेब्रुवारी

घरात दोन बशा काढल्या, एक परत ठेवली. रोज होतं. आता त्याचंही काही वाटत नाही.

३ मार्च

मिसेस हॅनराहन ऑफिसात आल्या. वय एक्याऐंशी, हातात काठी, तोंडात साखर नाही. उभ्यानेच बोलल्या. मार्चअखेरपर्यंत बघायचं. नाहीतर समुद्रापलीकडचा एक माणूस त्याला घ्यायला तयार आहे. कशासाठी घेणार, मी विचारलं.

“ते विचारायचं नसतं, कुमू. तू इतकी वर्षं आहेस इथे.”

मग काठीने भिंतीवरचा तक्ता दाखवला. टाइड टेबलच्या वंशात पितृवंशाने चालणारा हा एकटा नर उरला आहे. बाकीचे खच्ची झाले, मेले किंवा पोरीच झाल्या. क्लार्कच्या मुलांतही तीन शर्यतीत चमकले, पण एकही पैदाशीला ठेवण्याच्या लायकीचा नाही. आणि या धंद्यात बी बाटलीत भरून पाठवायची सोय नाही. दोघांनी समक्ष हजर राहायचं, नाहीतर शिंगराला नोंद नाही. गायी-म्हशींना जे चालतं ते या कुलीनांना चालत नाही.

“मला यंदा एक नर हवा आहे त्याच्यापासून,” बाई म्हणाल्या. “एकच. मग तो झोपू दे कुरणात मरेपर्यंत.”

त्या गेल्यावर तक्त्याकडे बघत बसले. नावांखाली रेघा, रेघांखाली नावं, आणि क्लार्कच्या खाली अजून कोरी जागा. आमच्या दोघांखालीही कोरीच आहे, पण आमचा तक्ता कोणी भिंतीला लावत नाही.

८ मार्च

एका घोडीवाल्याचं पत्र – क्लार्कच्या मुलाने परवा शर्यत मारली, तो माझ्या घोडीचा भाऊच ना, दोघांचा बाप एक? त्याला सविनय कळवलं, की या धंद्यात बाप एक असल्याने भावंडं होत नाहीत. एका नराची वर्षाला शंभर पोरं. भाऊबीज करता करता दिवाळी संपेल. आई एक असेल तरच भाऊ, तरच बहीण.

पत्र मजेशीर झालं होतं. मॅलकीला वाचून दाखवायला म्हणून उठले. दारापर्यंत गेले. परत आले, पाकीट चिकटवलं.

१७ मार्च

सणाची सुट्टी. शेजारणीने सोडाब्रेड आणून दिला, कापून, लोणी लावून – मी स्वतः कापून खाईन यावर गावात कोणाचा विश्वास नाही. घोडे मात्र सुट्टी घेत नाहीत. क्लार्क घेतो. आज तिसाव्यांदा.

२१ मार्च

फर्गल ऑफिसात आला. बूट दाराबाहेर काढून! हा माणूस स्वतःच्या लग्नात बूट काढून उभा राहिला नसेल. पन्नाशीचा, नाक दोनदा मोडलेलं, बोलणं कमी. नऊ हंगाम मॅलकीच्या हाताखाली होता. टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, की मॅलकी शेडमध्ये घोड्याशी काहीतरी पुटपुटायचा. कायम तेच. घोडा ते ऐकल्याशिवाय उठायचा नाही. फर्गलला वाटायचं जुनी आयरिश आहे, आजीची प्रार्थना वगैरे. म्हणून त्याने जुनी आयरिश जाणणाऱ्या मास्तरांना जाऊन विचारलं. मास्तर म्हणाले, ही कुठलीच आयरिश नव्हे.

“म्हणून म्हटलं, बाई, तुमची असेल.”

आणि त्या मोडक्या नाकातून म्हणाला – “बे एके बे. बे डुणे चार. बे ट्रिक सहा.”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बिशप चरत होता.

“असलं काही आहे का तुमच्यात?” फर्गल म्हणाला.

आहे म्हटलं. पाढा आहे. पोरांचा.

“सगळा नाही येत मला. पुढे आणखी थोडं आहे, पण ते...” त्याने बुटांकडे पाहिलं असतं, पण बूट दाराबाहेर होते. “ते मला जमायचं नाही,” म्हणाला आणि गेला.

२२ मार्च

काल लिहिलं नाही ते आज.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याने हट्टाने मराठी शिकायला घेतली. स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता. दोनचा पाढा पाठ केला. बे सक बारापर्यंत बिनचूक, मग दर वेळी – ‘बे साती तेरा.’ मी दर वेळी – ‘चौदा, मॅलकी, चौदा रे!’ शास्त्र्याची मुलगी. चूक ऐकून गप्प बसायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

मग सांगलीला माझ्या भावाच्या, श्रीधरच्या लग्नात मी त्याला चाळीस माणसांपुढे उभा केला. म्हण म्हटलं. तो म्हणाला. बे साती तेरा. सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी.

परतीच्या विमानात म्हणाला, “तुझी भाषा तुझ्यापाशीच बरी, कुमू. माझ्या तोंडात मोडते.” त्यानंतर पंचवीस वर्षं घरात मराठीचा एक शब्द काढला नाही. एकदा मुद्दाम विचारलं होतं, तर म्हणाला, विसरलो सगळं.

विसरला नव्हता. घोड्याला सांगत होता. मला सांगायचं सोडून घोड्याला.

वाईट वाटायला हवं. वाट पाहिली. सूप गरम केलं.

२५ मार्च

शेडमध्ये गेले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. इतकी वर्षं मी यांचे विवाह कागदावर लावत आले, अक्षता टाकायला कधी गेले नव्हते. डोक्यावर हेल्मेट, अंगात जाड बंडी, जमिनीवर रबराचा भुसा. घोडी उभी, तिच्या मागच्या पायांत, लाथ लागू नये म्हणून, फेल्टचे बूट. फर्गलच्या दोरीला क्लार्क. हा घोडा एवढा मोठा आहे हे मला कागदावरून कळलं नव्हतं.

पाढा म्हटला. स्वच्छ, अण्णांना आवडेल असा. बे एकेपासून बे दाहे वीस. क्लार्कने बे दुणे चारला मान वळवली. बे त्रिकला कान हलवले. पुढे बे साती चौदा म्हटलं आणि त्याने मान फिरवली. छताकडे.

फर्गल बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, “मॅलकी तसं म्हणत नव्हता, बाई. सातवं वेगळं होतं. टेरा होतं.”

ते चूक आहे, मी म्हटलं.

“असेल. घोड्याला ते माहीत नाही.”

घरी आले. त्याने म्हटलं तेव्हा हसले होते. आता मी तेच म्हणायचं? जमणार नाही. असं ठरवून झोपले. झोप लागली, हे विशेष.

२९ मार्च

समुद्रापलीकडच्या माणसाची गाडी एक तारखेला येणार. मिसेस हॅनराहननी मला कागद तयार करायला सांगितले. घोड्याचं पारपत्र कपाटातून काढलं. पहिल्या पानावर ओळखखुणांचं चित्र: कपाळावर पांढरा ठिपका, डावा मागचा पाय पांढरा. खाली सांभाळणाऱ्याची सही – मॅलकीची. अक्षर नेहमीसारखं डावीकडे झुकलेलं.

पारपत्र परत कपाटात ठेवलं. फर्गलला सांगितलं, उद्या सकाळी एक घोडी उभी कर. मिसेस हॅनराहनची स्वतःची, चांगल्या कुळातली.

३० मार्च

साडेनऊ. फर्गल, घोडीकडे दोघे, कोपऱ्यात काठीवर मिसेस हॅनराहन. मी क्लार्कच्या खांद्यापाशी, जिथे मॅलकी उभा राहायचा म्हणे.

म्हणत गेले. बे पंचे दहा. बे सक बारा. मग थांबले. मग म्हटलं – बे साती तेरा.

क्लार्कचे दोन्ही कान पुढे आले. नाकपुड्या मोठ्या झाल्या. पण उठला नाही. वाट पाहत होता. सगळेच वाट पाहत होते, आणि कशाची ते मला कळेना. मी जे चूक होतं ते म्हटलं होतं, त्याच्यासारखं म्हटलं होतं, आणखी काय हवं या जनावराला?

आणि मग तोंडातून आपोआप निघालं. जुनी सवय. चूक कानावर पडली की निघतंच. चांगलंच रागावून –

“चौदा, मॅलकी, चौदा रे!”

क्लार्क उठला.

पुढचं लिहीत नाही. त्याची नोंद वहीत केली आहे. नऊ वाजून चाळीस मिनिटं. मिसेस हॅनराहन जाताना काठीने माझ्या बुटावर टकटक करून गेल्या. गाडी रद्द.

मी हेल्मेट काढून ठेवलं. फर्गलने क्लार्कला तबेल्याकडे नेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

१५ एप्रिल

घोडी गाभण. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं – बोराएवढा काळा ठिपका. तक्त्यावर क्लार्कच्या खाली पेन्सिलने एक बारीक रेघ ओढली. नाव नंतर.

फर्गलला आज विचारलंच: ते ‘पुढचं थोडं’ काय होतं, जे तुला जमायचं नव्हतं? टोपी काढली त्याने.

“जमायला काय. पण तुमच्यासमोर तुमची नक्कल कशी करायची? तो मुद्दाम टेरा म्हणायचा, बाई. जरा थांबायचा, हसायचा. आणि मग बायकी आवाज काढून स्वतःलाच दटावायचा – चवडा, मॅलकी, चवडा रे. रोज. तोवर घोडा हलायचा नाही. मी इथे कामाला लागलो त्या पहिल्या सकाळी शेडमध्ये त्याच्या तोंडून तुमचा आवाज ऐकला. तुम्ही मला भेटलात त्यानंतर दोन दिवसांनी.”