वाळकं झाड आणि वीस वर्षं

प्रिय ठमे,

अक्षर बघून हसू नकोस, माझी शाळा चौथीतच सुटली हे तुला माहीत आहे. तरी आठ दिवस झाले, शाळेतली पोरं घरी गेली की मोठ्या बाई मला त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसवतात. मी राखते त्या शाळेच्या राईतल्या झाडांची पुढच्या वीस वर्षांची निगा कागदावर उतरवायची आहे. दाटी कधी विरळ करायची, नवी रोपं कुठे, कुठल्या वर्गाने कुठे बसून शिकायचं, पोरांनी तुडवून टणक केलेली वाट किती वर्षं बंद ठेवायची. मी सांगते, बाई लिहितात. परवा वैतागून म्हटलं, बाई, झाडांना वाचता येत नाही, लिहिताय कोणासाठी? तर म्हणाल्या, तुमच्यानंतर येईल त्याच्यासाठी. घरी आले आणि गॅसही न पेटवता आडवी झाले. गुडघ्यांनी तर कधीच हात टेकलेत.

काल वाळलेल्या झाडांचा विषय निघाला. वाटेवरचं ते झाड पोरांच्या डोक्यात पडेल म्हणून मी तीन वर्षांपूर्वी सुट्टीत पाडलं होतं. तू आठवडाभर आधी सांगत होतीस, ढोलीत घुबडाची पिल्लं आहेत, झाड राहू दे, वाट वळव. मी म्हटलं, चार बुकं शिकलीस म्हणून मला अक्कल शिकवू नकोस. तिन्ही पिल्लं तूच उचलून खोक्यात ठेवलीस. तिसरं सकाळपर्यंत जगलं नाही. मग तू गेलीस ती गेलीसच. तीन वर्षं लोकांच्या रोपवाटिकेत राबतेस आणि मला फोनवर नुसतं 'बरी आहे'.

बाईंना म्हटलं, लिहा. वाळकं झाड पाडायचं नाही. आधी ढोलीत बघायचं. वाट वळवायची. त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हटलं, घरात. उशिरा.

प्रत्येक कामापुढे, ते कोण करणार, असा रकाना आहे. पहिली पाच वर्षं माझं नाव. पुढची पंधरा कोरी. आज मी तिथे तुझं नाव सांगितलं. विचारलं नाही, माझी खोड तुला ठाऊकच आहे. पण पेन्सिलीने लिहायला लावलंय. सोमवारी बाई त्यावर शाई फिरवणार. खोडायचं असेल तर त्याआधी स्वतः येऊन खोड. फाटकातून आत आलीस की वाट आता त्या पाडलेल्या झाडाच्या बुंध्याला वळसा घालून जाते. तेवढं मी करून ठेवलंय.

तुझीच,
हट्टी आई