घंटेची सही

प्रिय टालकेताई,

धाकट्या एलर्टचा नमस्कार. तुझा गुडघा आणि भाओजींचा खोकला आता बरा असेल, अशी रोज प्रार्थना करतो.

मंगळवारी सकाळी चर्च झाडून झाल्यावर मी घंटा आपोआप वाजवणारा नवा प्रोग्राम इंटरनेटवरून संगणकात उतरवून घेतला. (जुन्याने ईस्टरच्या दिवशी मयताची घंटा वाजवली, हे तू स्वतःच ऐकलंस.) शनिवारी तुझ्या हिल्केच्या लग्नात तिन्ही घंटा वाजतील, हा मामाचा शब्द आहे. पण पाद्रीणबाईंनी बजावलं, "सही तपासल्याशिवाय काही बसवायचं नाही, एलर्ट! पलीकडच्या गावात खोटा प्रोग्राम बसवला आणि दफन चालू असताना मनोऱ्यातून जाहिरात वाजली."

तेव्हा ताई, प्रोग्राम बनवणारा आपल्या गुप्त किल्लीने (किल्ली म्हणजे संगणकातली अक्षरं-आकड्यांची ओळ) त्यावर सही करतो, आणि आपण ती त्याच्या उघड किल्लीने ताडून पाहायची. मी पाहिली. उत्तर आलं: सही बरोबर आहे, मात्र किल्ली त्याच माणसाची आहे, याला पुरावा नाही. (असं बोलणं मी प्रवचनात ऐकलंय, यंत्राकडून प्रथमच.)

यावर उपाय म्हणजे ओळखीच्यांची ग्वाही: माणूस खरा असल्याचं पाहून त्याच्या किल्लीवर आपली सही करायची, म्हणजे आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याचं यंत्र तीही किल्ली खरी मानतं. तालुक्याच्या गावी बिअरच्या दुकानात अशी मंडळी जमतात. प्रत्येकाने ओळखपत्र दाखवायचं आणि आपल्या किल्लीची लांबलचक अक्षरं-आकडे मोठ्याने वाचायचे. मी स्तोत्राच्या चालीवर वाचले. दोघे चुकून आमेन म्हणाले. माझ्या शाळासोबत्यानेही माझं ओळखपत्र उजेडाकडे धरून पाहिलं. आपले होणारे जावई ओक्को मात्र म्हणाले, "कार्ड ठेवा हो खिशात, मामा! आणा किल्ली, ठोकतो सही." एका हातात पेला, दुसऱ्या हाताने सह्या.

घरी येऊन मीही सगळ्यांच्या किल्ल्यांवर सही केली. मग यंत्र एकेकाबद्दल विचारू लागलं: या माणसावर तुमचा विश्वास किती? मुळीच नाही, थोडा, की पूर्ण? नुकतंच शेजाऱ्यावरच्या प्रेमाचं प्रवचन ऐकलेलं. (थोडा लिहायचं तरी कुणापुढे?) सरसकट पूर्ण लिहिलं. आणि काय सांगू, तक्रार नाहीशी! देवाचे आभार मानून झाल्यावर सहज पाहिलं, की त्या प्रोग्रामवाल्याची ग्वाही दिली कुणी? एकट्या ओक्कोने.

फोन लावला. "ओक्को, हा गृहस्थ तुला भेटला होता का?"

"भेटला असेल की. टोपी होती बहुतेक. मामा, तुम्ही फार खोलात शिरता बुवा!"

चहात खडीसाखर तडतडून विरली, वरची सायही विरली, तरी मी बसून होतो. घरचा जावई! शेवटी हात जोडले, आणि ओक्कोच्या नावापुढे 'मुळीच नाही' लिहिलं. तक्रार परत आली. मी घंटांचा प्रोग्राम पुसला, मनोरा चढलो आणि घंटांना दोर बांधले.

तुझा,
एलर्ट

ता. क. तीन दोरांना तीन माणसं लागतात. मी एक, तुझ्या दोन्ही दिरांना जाड हातमोजे घेऊन शनिवारी लवकर पाठव. त्यासाठीच हे पत्र.

आणखी एक. पोरगा वाईट नाही, त्याला नाही म्हणता येत नाही इतकंच. पण हिल्केला हळूच विचार, तिला लग्नाला 'हो' म्हणताना त्याने मान वर केली होती का? आणि लग्नाच्या कागदावर सही करण्याआधी त्याला तो वाचायला लाव.

शेवटचं. ज्या प्रोग्रामने मी या सह्या तपासल्या, तो मला कुणी आणून दिला होता हे आज आठवलं. ओक्कोनेच. सकाळी तोही काढून टाकला, आणि मोठ्या घंटेचा दोर एकदा ओढून पाहिला. सही कुणाचीच नव्हती. आवाज आपल्याच घंटेचा होता.