सतरा नंबरचा दगड

प्रिय रिहाम,

मी, करार हसबल्ला सादुल्ला, वय वर्षे एकोणऐंशी, जमात अबाब्दा, राहणार वादी अबू सियाल, शिक्षण चौथी उत्तीर्ण, पूर्वेच्या वाळवंटात एकेचाळीस वर्षे वाटाड्या, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना हे पत्र लिहीत आहे. नातीला लिहायच्या पत्राचा आरंभ असा करू नये, असे तुझी आजी म्हणते. परंतु तू मला पत्र पाठवले नाहीस, छापील कागद पाठवलास. तेव्हा उत्तरही त्याच रीतीने मिळेल.

सदर कागदात असे नमूद आहे की, सतरा नंबरचा दगड तुझे प्राध्यापक डॉक्टर वजदी यांनी सव्वीस वर्षांपूर्वी शेख मुबारक यांच्या कबरीखालच्या कड्यातून, माझ्यादेखत फोडून घेतला. खाली माझ्या सहीची जागा मोकळी आहे. ही सही झाली तर तुझा प्रबंध मान्य होईल, न झाली तर अडेल, असे तू फोनवर आजीला सांगितलेस. मला सांगितले नाहीस. मी सही करणार नाही.

कारण ऐक. तुझे काम मला समजते, कोणी काहीही म्हणो. आपले डोंगर पाऊणशे कोटी वर्षांचे आणि समुद्रापलीकडचे, अरबस्तानातले हेजाझचे डोंगरही तेवढ्याच वयाचे. म्हणजे मध्ये समुद्र शिरण्यापूर्वी ही जमीन एकच होती. हे तू चाळीस दगडांवरून सिद्ध केलेस आणि ते मला मान्य आहे. परंतु सतरा नंबरचा दगड एकशे सत्तर कोटी वर्षांचा निघाला. तसा म्हातारा खडक पलीकडे, ताइफच्याही पुढे आतल्या डोंगरांत आहे. त्यावरून तू लिहिलेस, की तोच खडक आपल्याही डोंगरांच्या पोटात आहे. त्यावर विद्यापीठात टाळ्या पडल्या.

रिहाम, तो दगड आपल्या डोंगराच्या पोटातला नव्हे. तो माझ्या आईच्या पोतडीतला आहे.

दूरच्या प्रवासाहून परतणाऱ्याने शेवटच्या मुक्कामाचा एक दगड शेख मुबारक यांच्या कबरीवरच्या दगडांच्या राशीवर ठेवावा, ही आपली रीत तुला ठाऊक आहे. माझी आई हजला गेली आणि नंतर आठ महिने आपल्या भावाकडे राहिली. तो ताइफच्या पुढे लोकांचे उंट चारत असे. तिथून तिने करड्या-गुलाबी पट्ट्यांचा, करडाच्या डोक्याएवढा दगड आणला. गलबतावर तांडेल म्हणाला, “हाजियाबाई, सगळं अरबस्तान नेताय की थोडं ठेवताय?” ती म्हणाली, “थोडं ठेवलंय. तुला पाय टेकायला नको का?” त्या दगडावर तिने आपल्या उंटांची खूण कोरली, एक वर्तुळ आणि त्यावर आडवी रेघ, आणि माझ्यासमोर तो राशीवर ठेवला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

डॉक्टर आले त्या वर्षी पुराने रास फोडली होती. दगड कड्याच्या पायथ्याशी घरंगळले होते. भर दुपार होती, गाडी तापून बंद पडली होती, डॉक्टरांना घाई होती. त्यांनी नेमक्या त्याच दगडावर हातोडा उचलला. मी म्हणालो, “डॉक्टर, हा इथला नाही. पाहुणा आहे. आमच्या आईने आणलाय.” ते म्हणाले, “शेख, तुम्ही चौथी ना? दगड पाचवीत शिकवतात. तेवढं राहिलंच तुमचं!” सगळे हसले. आपली माणसेही हसली. हातोडा खुणेच्या मधोमध बसला. अर्धा दगड डॉक्टरांनी नेला, अर्धा मी उचलून राशीवर परत ठेवला. तो अजून तिथे आहे. तुझ्या कपाटात जो तुकडा उरला असेल, त्याची पाठ धुऊन पाहा.

गेल्या मंगळवारी डॉक्टर स्वतः घरी आले. मी कॉफीचा जबना चुलीवर ठेवला, आले घालून कॉफी केली. पहिल्या पेल्यालाच त्यांनी विषय काढला. “शेख, एवढीशी सही. पोरीचं भलं होईल.”

मी म्हणालो, “खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“सव्वीस वर्षांनी दगडाला कोण विचारतंय?”

“दगडाला नाही, मला विचारलंय. कागदावर नाव माझं आहे.”

दुसरा पेला ओतला आणि मी जबना बाजूला ठेवला. तीन पेल्यांची रीत मोडून दोनवर पाहुण्याला उठवणे म्हणजे काय, हे आपल्यात राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. आतून तुझी आजी ओरडली, “अहो, तिसरा ओता! पोरीची पदवी बुडवताय!” मी ओतला नाही.

उठण्यापूर्वी डॉक्टरांनी आपली जुनी वही चटईवर उघडून ठेवली. जे मी तुला, तुझ्या आईला, कोणालाही सांगितले नाही ते आता लिहितो. सव्वीस वर्षांपूर्वी त्या दिवशी दगड पिशवीत गेल्यावर त्यांनी वाटाड्यांपुढे वही धरली. इतरांनी अंगठे दिले. मला विचारले, “अंगठा की सही?” सतरा नंबरच्या ओळीत ‘कड्यातून, समक्ष’ असे लिहिले होते. मी ती ओळ वाचली. वाचता येत होते म्हणूनच वाचली. आणि मला हसणाऱ्या त्या सर्वांना दिसावे म्हणून खाली वडिलांच्या व आजोबांच्या नावासह, वळणदार अक्षरात सही केली. तुझी चूक माझ्या त्या ताठ्यातून निघाली आहे. ती सही मी या पत्राने परत घेतो. हे पत्र परीक्षकांपुढे मोठ्याने वाच. ते हसले तर मला बोलाव. या वेळी मी दुसऱ्यांदाही सांगेन, आणि तिसऱ्यांदाही. पदवी उशिरा मिळाली तर मिळो. तू उरलेल्या चाळीस दगडांवर उभी राहा, ते खरे आहेत.

तुझाच आजोबा,
करार हसबल्ला सादुल्ला

हे पत्र मोठ्याने वाचले तेव्हा उपस्थित:
ईद जाबल्ला, वाटाड्या. त्या दिवशी हसणाऱ्यांपैकी एक. अंगठा.
शेख औदा, कबरीचे राखणदार. सही.
हमीदा, तुझी आजी. सहमत नाही. अंगठा.