मागचं दार

दि. ९ ऑक्टोबर, सकाळी

चि. ठकीस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. इकडे ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते आता घरातलेच झाले.

आधी तू आखलेल्या रस्त्याचं कौतुक. फुटपाथ असा ऐसपैस झालाय की आम्ही चार म्हातारे एका ओळीत चालतो, तरी कुणाला रस्त्यावर उतरावं लागत नाही. डॉक्टरांनी रक्तातली साखर पाहिली आणि विचारलं, औषध बदललंत का? म्हटलं, नाही, लेकीने रस्ता बदलला. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई दोन गल्ल्यांसाठीसुद्धा रिक्षा करायची. आता कापडाचं गाठोडं काखेत मारून चालत निघते आणि वर मलाच दटावते, पाय उचला म्हणून. चालताना मी शाळेतली ती नदीची कविता पुटपुटतो. पावलं आपोआप ठेक्यात पडतात. तिसऱ्या कडव्यापाशी अजूनही अडतो. पुढची ओळ तुझी आई सांगायची.

परवा फोनवर तू नव्या बसथांब्याचं विचारलंस आणि मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतंच.

ठके, नव्या थांब्यावर मी एकदाही गेलेलो नाही. संध्याकाळी वळणावरच जातो, थांब्याचा जुना खांब होता त्या जागेसमोर, रस्त्याच्या आपल्या बाजूला. तू तो थांबा का हलवलास हे आपण कधी बोललो नाही. थांबलेल्या बसपुढून रस्ता ओलांडणाऱ्याला वळणावरची गाडी दिसत नाही, एवढंच तू नकाशाखाली लिहिलंस. आईचं नाव नकाशात कुठे लिहिणार?

पण तिची बस अजून येते. ड्रायव्हरही तोच, टोपीवाला. ती चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून परतायची तेव्हापासूनचा. खांब उपटला त्या संध्याकाळी मला उभा पाहून त्याने बस थांबवली आणि मागचं दार उघडलं. कुणी उतरलं नाही. जरा वेळाने दार मिटलं. मग रोज तसंच. मी सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नाही. बसमधली माणसं खिडकीबाहेर बघत बसायची. आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू, बस निघून गेली की माझा उजवा हात जड व्हायचा. ती आली की आधी हातात पिशवी द्यायची, बोलायची मागाहून. घराच्या दारापर्यंत तो हात जडच राहायचा.

मंगळवारी त्या दारातून शिंपीणबाई उतरली. दार उघडलं, खिडकीतून पलीकडे मी दिसलो, कशाला पुढपर्यंत जा, असं तिला वाटलं असणार. गाठोडं घेऊन बसपुढून निघाली. वळणावरून गाडी आली. मी हाक मारायला तोंड उघडलं. ब्रेक करकचून लागले आणि गाठोडं उडालं. ती वाचली. ब्लाउजचे तुकडे रस्ताभर झाले.

ती उठून तुकडे वेचू लागली. टोपीवाला मात्र खाली उतरता उतरता पायरीवरच बसला. टोपी काढून म्हणाला, "काका, मला हे दुसऱ्यांदा नाही बघवणार."

तुझी आई गेली त्या दिवशीही बस त्याचीच होती, हे मी विसरलो होतो. की विसरायचं ठरवलं होतं, कोण जाणे.

मी म्हटलं, "उद्यापासून दार उघडू नकोस."

काल बस न थांबता गेली. खिडक्यांचे उजेड एकामागून एक सरकले आणि हात हलकाच राहिला. घरी आलो, जेवलो नाही. एकच विचार येत होता, की थांबा हलला हे तिला कोण सांगणार? रोज त्या दाराशी येईल, दार उघडणार नाही, बस तिला तशीच पुढे घेऊन जाईल. तिला तर नवीन जागी नेहमी बावरायला व्हायचं.

म्हणून आजपासून बसच्या आधी वळणावर जाणार आहे, आणि तिथून फुटपाथने चालत नव्या थांब्यापर्यंत. तिला वाट पाठ होईपर्यंत रोज. कविता मोठ्याने म्हणेन, म्हणजे आवाजामागून येता येईल. लोक हसले तर हसोत. तिसऱ्या कडव्यापाशी अडलो, की थांब्यावरच्या बाकावर बसून राहीन.

बाक दोघांपुरता केलायस, ते बरं केलंस.

तुझे,
बाबा