आत्याचं चोंदलेलं नाक

२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परवा आमच्या प्रयोगशाळेत तुझ्या नाकातली हवा मोजली, तिचा आकडा आला. घाबरू नकोस, पण तो फार मोठा आहे. अ‍ॅलर्जीत नाकाचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त सोडतं. त्याने आतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्ताने फुगतात आणि वाट बुजते. म्हणजे तुझं नाक भरलेलं नाही, सुजलंय. कितीही शिंकरलंस तरी मोकळं होणार नाही. दिवसभर लोकरीचे कोट शिवतेस, त्याचंच हे असणार. दुकान सोडशील का गं? मला बाई भीतीच वाटते.

आहे तो लोभ कमी करू नकोस.
तुझी भागू

९ मार्च

चि. भागूस,
अ. आ.

भित्री भागूबाई हे नाव तुला उगाच नाही पडलं! पण तू म्हणतेस म्हणजे खरंच असणार. शेजारचा घड्याळजी दुकान घ्यायला एका पायावर तयार आहे. सोमवारी किल्ली देते. तुझे आतोबा म्हणाले, ही घरी बसली तर माझं काही खरं नाही. मशीनवर चादर घातली, पण पुन्हा उचलून एकदा चाक फिरवून पाहिलं.

तुझ्या यंत्राचं एक बरं होतं. पंपाच्या घरघरीत मी मनसोक्त गुणगुणून घेतलं. नळी नाकाला लावून गप्प बसायचं म्हणजे मला शिक्षाच!

माया आहेच, ती मागायला लागत नाही.
तुझी आत्या

११ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न.

किल्ली देऊ नकोस! गुणगुणलं की गाला-कपाळाच्या हाडांतल्या पोकळ्यांत साठलेला हाच वायू भसकन बाहेर येतो. आकडा त्यानेच फुगला. गप्प राहा म्हणून सांगायला मीच विसरले, आणि वर एवढ्यावरून लोकरीला दोषी ठरवून मोकळी झाले. चुकलेली शिवण उसवायची, वरून टाके घालायचे नाहीत, हे तूच शिकवलंस. म्हणून मोजणी पुन्हा करू, त्वचेची चाचणीही करू. लोकरच निघाली तर तेही खरंखरं सांगेन.

रागव हवं तर, पण ये.
भागू

२० मार्च

चि. भागूस,
अ. आ.

तुमच्या डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला. न गुणगुणता बसले तरी आकडा थोडा जास्तच, म्हणजे अ‍ॅलर्जी आहे. पण लोकर निर्दोष! अंथरुणातल्या धुळीतले बारीक किडे म्हणे. आतोबांनी लग्नापासून जपलेली उशी मी फेकायला काढली, तर हे तिच्यामागोमाग घराबाहेर निघाले! नाकात फवारा मारते आहे. काल कितीतरी दिवसांनी चहाचा वास आला. घड्याळजी रुसलाय. त्याच्या कोटाला नवं अस्तर लावून देईन, येईल ताळ्यावर.

दारात गिऱ्हाईक उभं आहे, म्हणून इथेच थांबते.
तुझी आत्या